खूणगाठ

पुस्तक वाचता वाचता मध्येच उठावं लागलं, तर माणूस काय करतो यावरून त्याचा पिंड ओळखावा. काही जण पानाचा कान पिळतात. लहानपणी मास्तरांनी आपला पिळला, त्याची वसुली ते जन्मभर छापील कागदाकडून करत असावेत. काही जण मोरपीस ठेवतात. अशांची पुस्तकं फार देखणी राहतात, कारण मोरपिसाच्या पलीकडची पानं सहसा कुणी उघडतच नाही. काही जण हाताला लागेल ते आत घालतात : एसटीचं तिकीट, विजेचं बिल, लग्नपत्रिका, क्वचित चष्म्याची काडीसुद्धा. आणि एक चौथा प्रकार असतो, तो खूणच ठेवत नाही. 'एकशे सदतीस' एवढं पुटपुटून पुस्तक मिटतो आणि आठ दिवसांनी नेमकं एकशे सदतिसावं पान उघडतो. अशा माणसाकडून उसने पैसे घेऊ नयेत.

पण या चौघांत एक गोष्ट समान आहे. खूण ठेवणं म्हणजे वचन देणं. "मी परत येईन" असं ते पानाला दिलेलं वचन असतं. मग कुणी येतो, कुणी येत नाही. पान बिचारं वाट पाहतं.

आमच्या वऱ्हाडात जुन्या बायका लुगड्याच्या पदराला गाठ मारत. बाजारातून हळद आणायची आहे, मार गाठ. लेकीकडे निरोप धाडायचा आहे, मार दुसरी गाठ. संध्याकाळी पदर हातात घेऊन बुढी विचारात पडायची, "गाठ त हाय वं, पन हे कायची हाय?" घरातली माणसं हसायची. पण गाठीकडून बघा. तिनं आपलं काम चोख केलेलं असायचं. काहीतरी राहून गेलं आहे, एवढं ती सांगत होती. काय राहिलं ते आठवणं आणि उठून करणं, हे काम माणसाचं. खुणेची सचोटी ती हीच. ती आठवण देते, जागा दाखवते, पण तुमच्या वतीनं बाजारात जाऊन हळद आणत नाही.

निदान परवापरवापर्यंत तरी आणत नव्हती.

आता ही खूण कॉम्प्युटरात शिरली आहे आणि तिथं ती बुकमार्क या इंग्रजी नावानं नांदते. १९९३ साली मोझेक नावाचा ब्राउझर आला. पुन्हा जावंसं वाटेल अशा पानांची यादी त्यात ठेवता येई, तिला 'हॉटलिस्ट' म्हणत. पुढच्याच वर्षी नेटस्केप आला. त्यानं पुस्तकातून 'बुकमार्क' हा शब्द उचलला. १९९५ साली मायक्रोसॉफ्टनं आपला ब्राउझर काढला आणि त्याच यादीला 'फेव्हरिट्स', म्हणजे आवडती पानं, असं नाव दिलं. हे नाव मला कधीच पटलं नाही. माणूस ज्या पानांना खुणा करून ठेवतो, त्यांत वीजबिल भरण्याचं पानही असतं.

नेटस्केपचा कारभार २००८ साली आटोपला. पण आजही आपल्या ब्राउझरातल्या खुणांची यादी बाहेर काढली, तर जी फाइल हाती येते तिच्या अगदी पहिल्या ओळीत नेटस्केपचं नाव असतं. घर तीनदा विकलं गेलं, तरी दारावरची पाटी मूळ मालकाचीच, असा हा प्रकार. जाणारा गेला, खूण उरली. खुणांना हे जमतं.

या विषयावर माझा विचार सुरू झाला तो वलगावात. अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की पेढी नदीच्या काठी हे गाव लागतं. तिथं माझ्या भाच्याचं ऑनलाइनचं दुकान आहे. ऑनलाइनचं दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन खुर्च्या आणि बाहेरच्या बाकड्यावर कायम सहा माणसं. कुणाला सातबारा हवा असतो, कुणाला उत्पन्नाचा दाखला, कुणाच्या पोरीचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहिलेला असतो. पूर्वी तहसिलीच्या वडाखाली अर्जनवीस बसत, त्यांचीच ही पुढची पिढी. फक्त वडाच्या जागी पंखा आला आहे, आणि वीज गेली की दोघांचा वारा सारखाच.

भाच्यानं आपल्या ब्राउझरचं अगदी किराण्याचं दुकान करून टाकलं आहे. वर पत्त्याची चौकट असते, तिच्या खालच्या आडव्या पट्टीवर त्यानं खुणा ओळीनं मांडल्या आहेत. नावं डब्यांवरच्या चिठ्ठ्यांसारखी आखूड : 'सातबारा', 'दाखला', 'शिष्य', 'निकाल'. मला वाटलं, या सगळ्या सरकारी पानांच्या खुणा असतील. तर निम्म्याहून अधिक खुणा त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरातल्या फाइलींच्या निघाल्या. कोऱ्या अर्जांचे नमुने, कोणत्या अर्जाला कोणते कागद लागतात त्याची यादी, छपाईचे दर. पत्त्याच्या जागी 'फाइल' हा शब्द, मग दोन टिंबं आणि तीन तिरक्या रेघा लिहिल्या, की ब्राउझर बाहेरच्या जगात न जाता घरचंच कपाट उघडतो. गिऱ्हाईक म्हणालं "जातीच्या दाखल्याले काय काय लागते?" की एक टिचकी, यादी हजर. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर असं चाचपडत बसायला नको.

यात एक पथ्य मात्र पाळावं लागतं. फाइलचं नाव बदललं किंवा ती दुसरीकडे हलवली, की खूण मुकी होते. बिऱ्हाडकरू खोली सोडून गेला, तरी पोस्टमन जुन्याच दारावर थाप मारत राहतो, तशी ती रिकाम्या जागेवर थाप मारत राहते.

पण खरी गंमत पट्टीच्या अगदी शेवटी आहे. तिथं एक खूण आहे, तिचं नाव 'भर'. या खुणेत पत्ता नाहीच. पत्त्याच्या जागी भाच्यानं जावास्क्रिप्ट या भाषेतल्या काही ओळी कोंबून ठेवल्या आहेत. समोर अर्ज उघडा ठेवावा आणि 'भर'वर टिचकी मारावी. जिल्हा अमरावती, तालुका अमरावती, गाव वलगाव, पिनकोड, राज्य, राष्ट्रीयत्व असं सगळं झपझप आपापल्या घरात जाऊन बसतं. पंगतीत वाढपी मीठ-लिंबू टाकत जातो ना, तसं. या जातीच्या खुणेला बुकमार्कलेट म्हणतात.

ब्राउझरवाल्यांनी तिला एक कुंपण घातलं आहे. ती तुमच्या कॉम्प्युटरातला एखादा प्रोग्रॅम उठवून चालवू शकत नाही. प्रोग्रॅमच्या फाइलवरच साधी खूण ठेवून दाबली, तर तो धावत नाही. ब्राउझर त्यातला मजकूर वाचून दाखवतो, नाहीतर "उतरवून घेऊ का?" असं विचारतो. पण समोरच्या पानावर मात्र या खुणेचं राज्य असतं. तुम्ही जिथं आपलं नाव आणि पासवर्ड देऊन आत शिरला आहात, तिथं ती तुमचेच अधिकार घेऊन वावरते. त्या पानाला तुम्ही आणि तुमची खूण यांतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी ती म्हणजे तुम्हीच.

म्हणजे आता खुणांच्या तीन जाती झाल्या. पहिली म्हणते, "मी इथवर आलो." दुसरी म्हणते, "तू इथं जा." आणि तिसरी म्हणते, "तू बस, मी करते." पहिल्या दोघींशी आपला शेकडो वर्षांचा घरोबा आहे. तिसरी नवी सून आहे. कामाला वाघ, पण तिजोरीच्या किल्ल्या द्यायच्या की नाही, ते अजून ठरायचं आहे.

दुसऱ्या जातीच्या खुणांचं फार मोठं भांडार आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरशी बांधलेलं आहे. मोर्शी तालुक्यातलं हे गाव महानुभावांचं तीर्थक्षेत्र. इथंच म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढं चौदाव्या शतकात मुनिव्यासांनी स्थानपोथी रचली. चक्रधरस्वामी कुठं कुठं गेले, कोणत्या देवळात उतरले, त्या देवळाचं दार कोणत्या दिशेला, बसण्याची जागा कोणत्या अंगाला, अशी गावोगावची नोंद तिच्यात आहे. आजच्या भाषेत बोलायचं तर ती खुणांची फाइलच. त्यातल्या कित्येक जागी भाविकांनी ओटे बांधले आणि आजही तिथं माथा टेकतात.

पण पोथी उघडली म्हणून कुणाची यात्रा झाली नाही. पोथी फक्त दिशा सांगते, पाय ज्याचे त्यालाच दुखवावे लागतात. आणि त्याच परंपरेत खुणेपलीकडची एक गोष्टही आहे. लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत नाहीशी झाली, तेव्हा हिराइसेला तो ग्रंथ पाठ होता म्हणून तिच्या पाठावरून तो पुन्हा उभा करता आला, असं परंपरा सांगते. जे गिळून पचवलेलं असतं, त्याला खूण लागत नाही. अर्थात सगळ्यांना हिराइसा होता येत नाही. म्हणून तर पोथ्या लागतात आणि आडव्या पट्ट्याही लागतात.

आता तिसऱ्या खुणेकडे येऊ. सुरुवातीलाच सांगतो, तिच्याविरुद्ध ओरड करणाऱ्यांतला मी नाही. आपल्याकडे कष्टाला पावित्र्य चिकटवण्याची एक खोड आहे. जात्यावर दळल्यानं ओव्या सुचत, म्हणून गिरणी वाईट, असं म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांतल्या कुणीही पायलीभर ज्वारी दळलेली नव्हती. 'तालुका अमरावती' हे दोन शब्द दिवसातून चाळीस वेळा टंकून कुणाचं चारित्र्य घडत नाही, फक्त मनगट दुखतं. जे काम करताना माणूस तिथं असूनही नसतो, ते काम खुशाल खुणेनं करावं.

तर एका दुपारी मी त्या दुकानात दुसऱ्या खुर्चीवर बसून हा सोहळा पाहत होतो. 'भर'नं अर्ज भरला. पण अगदी शेवटी एक छोटा चौकोन तसाच कोरा राहिला. त्याच्यापुढं बारीक अक्षरात लिहिलं होतं की, वरची माहिती मी वाचली आहे, ती खरी आहे आणि खोटी निघाली तर शिक्षेला मीच पात्र राहीन. दुसराही अर्ज तसाच, तिसराही तसाच. मी म्हटलं, "अरे, एवढं सगळं भरतं, मग हे एक टिचभर घर काऊन सोडतं?"

तो म्हणाला, "मामाजी, ते म्या जाणूनच सोडलं. एक ओळ वाढवली का तेबी भरलं जाईन. पन ते वाक्य 'मी'पासून चालू होते ना. अन् तो 'मी' म्या नाही."

मग तो गिऱ्हाइकाकडे वळला. धोतर-टोपीतले म्हातारे गृहस्थ होते. "काकाजी, हे आयकून घ्या एकडाव," म्हणून त्यानं ते बारीक अक्षर मोठ्यानं वाचायला घेतलं. काकाजींचा जीव बाहेरच्या रस्त्यावर. ते म्हणाले, "कायले वाचतं बापू? दाब ना लवकर. माही यष्टी जाते." बाकड्यावरच्यांनीही माना हलवल्या. भाचा वाचतच राहिला. कुटुंबातल्या कुणाच्याही नावे दुसरीकडे शेती नाही, असं एक कलम आलं आणि काकाजी थबकले. "हाय ना बापू. दीड एकर. बुढीच्या नावानं, तिच्या माहेरची."

यष्टी गेली. अर्ज त्या दिवशी राहिला. काकाजी रागावून निघून गेले. भाच्यावर रागावले, की दीड एकरावर, की बुढीच्या माहेरावर, हे मला कळलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट इथं संपली, खरेपणाचा जय झाला. मला तसं वाटत नाही. कारण नंतर चहा पिताना मी स्वतःच भाच्याशी वाद घातला, आणि माझी बाजू काही अगदीच लंगडी नव्हती. मी म्हटलं, असे चौकोन कोण वाचतो? मोबाइलवर काहीही उतरवून घेताना पन्नास पानी करारनामा येतो, त्याच्या तळाशी सगळं जग 'मान्य आहे' म्हणून बोट टेकवतं. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याचे नातेवाईक कागदावर सही करतात, ते काय वाचून? वाचल्याचं सगळ्यांनी एकमेकांना खोटंच सांगायचं, असा हा सभ्य समाजाचा अलिखित करार आहे. आणि दुसरं म्हणजे, काकाजींनी अर्जावर विश्वास ठेवलाच नव्हता. त्यांनी तुझ्यावर ठेवला होता. "तू म्हणतं त बरोबर असन," म्हणून. मग वाचून घेण्यापेक्षा माणसावर विसंबणं ही कमी प्रतीची गोष्ट आहे का? निम्मा संसार त्यावर चालतो.

या युक्तिवादावर मी मनातून खूश होतो. भाच्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "माह्यावर विश्वास ठेवला ना? मंग म्या तिथं असाले पायजे का नाही?"

मी तेव्हापासून या एका वाक्याभोवती फिरतो आहे. विश्वास ठेवायला समोर कुणीतरी असावं लागतं. काकाजी भाच्यावर विसंबतात तेव्हा भाच्याच्या डोक्यावर काहीतरी ओझं येतं. त्यानं ते ओझं उचलून 'भर' नावाच्या खुणेच्या डोक्यावर ठेवलं, तर खुणेला डोकंच नाही. ते ओझं मग कुणाच्याच डोक्यावर राहत नाही, वाटेत कुठंतरी पडतं. आणि पडलं हे कळतं ते दोन वर्षांनी, नोटीस काकाजींच्या घरी येते तेव्हा. नोटिशीवर खुणेचं नाव नसतं.

जुन्या लोकांना ही अडचण ठाऊक होती, असं दिसतं. जुनी खरेदीखतं, गहाणखतं कुणाच्या घरी असतील तर काढून पाहा. ज्याला लिहिता येत नसे त्याच्या नावापुढं 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असं लिहून शाईचा अंगठा उठवलेला असतो. निशाणी म्हणजे खूणच. पण कित्येक दस्तांत ती एकटी नसते. खाली 'दस्तुर' असं लिहून, ज्यानं तो मजकूर लिहिला त्याचं नाव असतं. अंगठा ज्याचा त्याचा, पण हा अंगठा मी उठवून घेतला, मजकूर मी लिहिला, असं सांगणारा एक माणूस तिथं उभा असे. सगळेच दस्तुरकार सत्यवादी नव्हते. वऱ्हाडात धुऱ्याच्या दगडावरून जितकी भांडणं झाली, त्यांतली काही या दस्तुरांनीच पेरली. पण निदान भांडायला नाव होतं. आजच्या चौकोनातल्या बारीक टिकलीला दस्तुर नाही. ती कुणी मारली, बोटानं मारली की 'भर'नं मारली, हे टिकलीकडं पाहून सांगता येत नाही.

आता याच्या किमतीचंही बोललं पाहिजे, कारण तत्त्वज्ञान फुकट असतं पण दुकानाला भाडं असतं. वाचून दाखवायला माणशी दोन-तीन मिनिटं जातात. ज्यांना घाई असते ते दुसरं दुकान शोधतात, आणि वेगानं काम करणारं दुसरं दुकान कुठंही असतंच. बाकड्यावर पूर्वी सहा माणसं असत, आता चार असतात. बहिणीला याची काळजी वाटते. "मामाजीनंच डोकशात भरलं असन," असं ती म्हणते. हा माझ्यावर अन्याय आहे. मी तर उलट बाजूनं बोललो होतो.

वलगावच्या नावाबरोबर आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला तो अमरावतीच्या वाटेवर, याच गावाजवळ, पेढीच्या काठी. अक्षरओळख नसलेला हा माणूस. त्यानं धर्मशाळा उभ्या केल्या, शाळा काढायला लावल्या, हजारोंच्या गर्दीला प्रश्न विचारून विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरं वदवून घेतली. माणसं कामाला लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणजे दुसऱ्यावर काम सोपवणं त्यांना वर्ज्य नव्हतं. पण गावात शिरल्यावर पहिला झाडू ते स्वतः हातात घेत. संध्याकाळच्या कीर्तनात लोकांना स्वच्छतेविषयी काही सांगायचं, तर सकाळचा केर आपण काढलेला असला पाहिजे, एवढा साधा हिशेब. शंभर माणसं झाडायला तयार होती. तरी 'मी झाडलं' हे वाक्य त्यांनी दुसऱ्याकडून भरून घेतलं नाही.

मला वाटतं, कुठलं काम खुणेवर सोडावं याचं उत्तर यापेक्षा फार लांब नाही. कामाच्या कष्टावरून ते ठरत नाही. महत्त्वावरूनही ठरत नाही. पिनकोड चुकला तर पत्र भलत्या गावी जातं, म्हणून पिनकोड काही कमी महत्त्वाचा नव्हे, तरी तो खुणेनं भरावा. ते ठरतं वाक्याच्या कर्त्यावरून. शाळेत व्याकरणाच्या तासाला कर्ता, कर्म, क्रियापद शोधायला लावत तेव्हा याचा पुढं उपयोग काय, असं प्रत्येक पोराला वाटायचं. उपयोग हा.

मी शपथ घेतो, मला मान्य आहे, मी वाचलं आहे, मी क्षमा मागतो, माझं तुझ्यावर प्रेम आहे. यंत्रं दिवसेंदिवस हुशार होत चालली आहेत आणि ही सगळी वाक्यं आपल्या वतीनं, आपल्यापेक्षा चांगल्या मराठीत भरून द्यायला ती तयार आहेत. दिवाळीच्या शुभेच्छा तर कधीपासून त्याच देतात, आणि आभारही त्याच मानतात. दोन माणसांमध्ये दोन खुणा एकमेकींना नमस्कार करतात. माणसं तेवढ्या वेळात काय करतात, देव जाणे.

म्हणून टिचकी मारण्यापूर्वी वाक्याचा पहिला शब्द तेवढा बघून घ्यावा. तो 'तालुका' असेल, तर खुशाल खुणेवर सोडून चहा घ्यावा. तो 'मी' असेल, तर खुर्ची जराशी पुढं ओढावी आणि चष्मा पुसावा. एखादी यष्टी जाईल. वलगावच्या रस्त्यावर दुसरी येते.